नव्या गावाला वेस

इकडं ये वच्छे, अशी जवळ सरक. टीव्हीचा आवाज कमी कर आन् डोळ्याला चष्मा लाव. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चिखलातून कोंबडी गेल्यावानी. बियाण्याच्या पिशव्या आन् एष्टीच्या पाट्या वाचून वाचून शिकलेली बाई मी, तरी आज तुझ्याशी लिहून भांडणार आहे. फोनवर भांडता येत न्हाई. तुमच्या बदनापूरच्या टेशनात गाडी शिरली की तुला काही ऐकू येत न्हाई, आन् मी इकडं एकटीच वरडत बसते, येणारे-जाणारे म्हणतात म्हातारीला काय झालं.

परवा काय म्हणलीस तू? "वैनी, माझं म्हायेर पाण्यात गेलं, आता मी कुणाकडं येऊ?" अगं, मी मेले का? तुझा भाऊ मेला का? तो तर सकाळी उठून भाकरी करपली म्हणून माझ्याशी वाद घालून राह्यला. धरणानं घर घेतलं, शेत घेतलं. आम्हाला घेतलं न्हाई, तितकी अक्कल आहे त्याला. आन् तू आपली लांब बसून जित्त्या माणसांवर रडून राह्यली. शोभतं का?

गाव सोडलं त्या दिवशी तू आल्तीस, पण आल्याबरुबर अंगणातल्या निंबाला मिठी मारून जी रडायला बसलीस, ती बाकीचं काही पाह्यलंच न्हाई. तुझ्या भावानं ट्रॉलीत काय काय भरलं ते ऐक. पत्रे काढले, दार काढलं, चौकट काढली, ते ठीक. मंग भितीतल्या खुट्ट्या काढल्या. मंग वाकडे खिळे उपटून डालड्याच्या डब्यात भरले. मी म्हणलं, अहो, आता राह्यलं काय? तर म्हणतो, उंबऱ्याचा दगड. माणसं लावून तो दगड ट्रॉलीत चढवला आन् माझ्या पाट्या-वरवंट्याला जागा उरली न्हाई. पाटा पायाखाली, वरवंटा मांडीवर. दुसऱ्या बाया लेकरं मांडीवर घेऊन गाव सोडत होत्या, मी वरवंटा घेऊन. रस्त्यानं हिसका बसला की त्याला पोटाशी धरायची.

आन् मी काय कमी शहाणी? तुझी माय सांगायची, "घर सोडताना केर ठिवू नये. मागून येणाऱ्यानं नाव ठिवलं न्हाई पाह्यजे." म्हणून मी ते दार नसलेलं, पत्रे नसलेलं घर झाडून काढलं आन् शेणानं सारवलं. कोपरेसुद्धा सोडले न्हाई. ट्रॅक्टरवाला खोळंबला होता, तो म्हणला, "काकू, मागून कोण येणार आहे इथं राह्यला?" मी म्हणलं, पाणी येणार आहे. त्यानं तरी म्हणावं, बाई टापटिपीची होती.

नवं गाव म्हंजी काय, तर मुरमाड माळ आन् त्याच्यावर चुन्यानं मारलेल्या रेघा. सायबांनी कागदावर सगळं बराबर काढलं होतं. रस्ते, शाळा, पाण्याची टाकी, समशानभूमी. त्यातली समशानभूमी सगळ्यात आधी तयार झाली. टाकी झाली, पण टाकीत पाणी न्हाई. गाव बुडवलं पाण्यानं, आन् आम्ही हंडे घेऊन टँकरच्या मागं पळून राह्यलो. आमच्यासारखे पाण्याचे लाडके दुनियेत कुणी नसतील. एष्टीचा कंडक्टर तर गावाचं नावच घेत न्हाई, "पुनर्वसनवाले उतरा" म्हणतो. आधी मला लाज वाटायची. आता मीच केदारखेड्याच्या बाजारात ठणकावून सांगते, मी पुनर्वसनची आहे, वांग्याला भाव बराबर लाव.

सगळ्यांनी एकाच दुकानातून पत्रे आणले, एकसारखी घरं बांधली. जुन्या गावात पत्ता सांगणं सोपं होतं, पाराच्या मागं, वाकड्या भितीला लागून. इथं वाकडी भितच न्हाई. तुझा भाऊ एक दिवस भलत्याच घरात शिरला, टोपी काढून बसला, पाणी मागितलं. त्या बाईनं पाणी दिलं, म्हातारा माणूस म्हणून ताटही वाढलं. हा खाली मान घालून जेवला. मी इचारलं, मंग कळलं कधी? तर म्हणतो, भाजीला मीठ बराबर लागलं तवा.

जनावरांचं त्याहून अवघड. माणसांना नोटिसा आल्त्या, म्हशींना कुणीच दिल्या न्हाई. संध्याकाळी सोडल्या की सरळ जुन्या गावाची वाट धरायच्या आन् पाण्याच्या काठाला जाऊन उभ्या राह्यच्या, पुढं रस्ता कुठं गेला म्हणून. आम्ही बाया मागून जायचो त्यांना आणायला. एक सांगू? म्हशी तर निमित्त होत्या. आम्हीही तिथं जरा उभ्याच राहायचो.

आता मुद्द्यावर येते. तुला ठाऊक आहे, पण तुझ्या नातीला ठाऊक नसंल, तिच्यासाठी लिहिते. जुन्या गावाला वेस होती. वेस म्हंजी गावाच्या तोंडाशी उभी केलेली दगडी कमान. कमानीच्या आत कुळवाड्यांची, जमीनवाल्यांची घरं आन् मारुती. बाहेर, नाल्याच्या अंगाला, आपली वस्ती. माझ्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव गेले, बुद्ध आले, गावकीची कामं सोडली, पोरं शाळेत घातली. सगळं बदललं, वेस मात्र जागची हलली न्हाई. धर्म बदलला तरी आपला पत्ता बदलला न्हाई.

तो पत्ता बदलला धरणानं. नव्या गावात जागा वाटताना चिठ्ठ्या काढल्या. डब्यात हात घालायचा, निघंल तो नंबर. चिठ्ठीला काय कळतं कोण कुठला. आपल्याला खालच्या ओळीतली, नाल्याकडंची जागा निघाली. आन् आपल्या शेजारची कुणाला? आबारावला. होय, तेच आबाराव. गावात सगळ्यात जास्त जमीन ज्यांची, पोळ्याला ज्यांचा बैल मानाचा म्हणून सगळ्यांच्या आधी वेशीतून जायचा, तेच. चिठ्ठी वाचली तवा ते डब्याकडं असे पाहून राह्यले, जसं डब्यानंच काही खाल्लंय.

पयलं काम त्यांनी काय केलं, तर मधात भित घातली. उंच. आमचं तोंड दिसायला नको म्हणून. पण वारं इकडूनच येतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. उन्हाळ्यात आम्ही अंगणात गार आन् आबाराव भितीमागं घामानं निथळून राह्यलेले. त्यांची बायको गयाबाई, ती आधी भितीपलीकडून खाकरायची. मंग उलट्या घमेल्यावर उभी राहून बोलायला लागली. तुझा भाऊ आता धरणात गळ टाकून मासे आणतो, जुन्या घराच्या अंगणातलेच मासे आहेत म्हणतो, हक्काचे. एक दिवस रस्सा उकळत होता आन् गयाबाईचं डोकं भितीवर आलं. मला वाटलं आता वासावरून भांडण होणार. ती म्हणली, "चंद्रभागे, रोज नुसता वासच येतो. चव कधी येणार?" तवापासून वाटी भितीवरून जाते. आबाराव गावाला गेले असले म्हंजी. 

असं बरं चाललं होतं आन् पोळा आला.

नव्या गावातला पयला पोळा. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, आन् मंग सगळ्यांच्या ध्यानात आलं का गावाला वेसच न्हाई. सायबांनी कागदावर सगळं काढलं, वेस काढली न्हाई. त्यांना काय ठाऊक, बैलानं तोरणाखालून गेल्याबिगर पोळा फुटत न्हाई. मंग टाकीखाली बैल उभे केले. कुणी म्हणलं पूर्वेकडून न्यायचे, कुणी म्हणलं पश्चिमेकडून. तवर टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला आन् पोळा आपोआप फुटला. बैल दिसंल तिकडं गेले. एक शाळेच्या व्हरांड्यात, एक आपल्या विहाराच्या आवारात जाऊन शांत बसला, त्याला काही उठवू वाटंना. आबारावचा मानाचा बैल सरळ जुन्या गावाच्या काठाला जाऊन उभा राह्यला. तिथून त्याला आणता आणता आबारावचा फेटा पाण्यात पडला. घरी आले तर पुरणपोळीला हात लावला न्हाई. गयाबाई सांगत होती, माणूस रडला.

त्यांचं दुःख खरं होतं, मी हसले तरी मला ते कळत होतं. ज्याचा मान वेशीवर उभा, त्याची वेसच गेली.

मंग पुढच्या पोळ्याच्या आधी सरपंचांनी सभा बोलावली. नव्या गावाला वेस पाह्यजे. जालन्याहून लोखंड आणू, पक्की कमान करू. सगळे खूष. आबाराव सगळ्यात खूष, लोखंड माझ्याकडून म्हणाले. कमान कुठं, तर टाकीजवळच्या मारुतीपाशी. तिथं रस्ता रुंद आहे आन् वेशीजवळ मारुती असतोच. सगळ्यांनी माना हलवल्या. चहा सांगितला.

आन् मी मनातल्या मनात ओळी मोजल्या, वच्छे. मारुतीच्या खाली शेवटची ओळ कोणती? आपली. कमान तिथं झाली का आपण पुन्हा बाहेर. डब्यातल्या चिठ्ठीनं आत आणलं होतं, कमानीनं परत काढलं. कुणी मुद्दाम करून राह्यलं असंही न्हाई. त्यांच्या ध्यानातच आलं न्हाई. तेच तर दुखतं. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी मनात म्हणलं, वरवंटा मांडीवर घेऊन इतक्या लांब आले ती काय पुन्हा वेशीबाहेर बसायला?

तुझ्या भावानं माझं तोंड पाह्यलं आन् लांबूनच हातानं खूण केली, गप बस म्हणून. लग्न झाल्यापासून तो ती खूण करून राह्यला, अजून त्याला वाटतं लागू पडंल. मी उठले. पदर नीट केला. मला भाषण येत न्हाई, म्हणून बैलाचंच इचारलं.

"आबा, पोळ्याला तुमचा बैल कमानीतून गावात जाणार ना?"

"मंग? तीच रीत आहे."

"गावात गेला. पूजा झाली. मंग गोठ्यात कसा जाणार? गोठा तर तुमचा इकडं, माझ्या भितीला लागून."

आबाराव हवेत बोट फिरवायला लागले. इकडून आत, तिकडून वळला, मारुतीला फेरा, मंग… बोट फिरून फिरून कमानीपाशीच आलं आन् थांबलं.

"त्याच कमानीतून परत बाहेर काढावा लागंल," मी म्हणलं. "वाजत आत, मुकाट्यानं बाहेर."

"म्हंजी मी वेशीच्या बाहेर?"

"आम्ही राह्यलो की आबा, पिढ्या न् पिढ्या. काही होत न्हाई. वारं चांगलं लागतं."

चहावाल्यानं कप ठिवला तो सुद्धा हळू. सरपंच खाली पाहून राह्यले. तुझा भाऊ तर भितीकडं तोंड करून बसला, जसं मला ओळखतच न्हाई. मंग बायांमधून बारीक फुसफुस आली. गयाबाई. पदर तोंडात कोंबून हसत होती, खांदे हलून राह्यले. तिला पाहून दुसरी, तिला पाहून तिसरी. सगळ्या सभेत हसू पसरलं, आन् मधात आबाराव बसलेले, कपाळाला हात लावून. मला वाटलं आता चिडतील. मंग म्हणाले, "बाई बराबर बोलून राह्यली. हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

मी म्हणलं, आबा, आत राहणाराच्या ध्यानात येत नसतं. पण हळूच म्हणलं. आन् वच्छे, ते 'बाई' म्हणाले. जुन्या गावात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई, तुझ्या भावाच्या नावानं "ए दादारावची" म्हणायचे.

मंग जी गंमत झाली ती पाहायला तू पाह्यजे होतीस. सरपंचांनी खडूनं फरशीवर गाव काढलं आन् कमान सरकवायला सुरुवात केली. आपली ओळ आत घेऊन एका अंगाला सरकवली तर रस्त्यापलीकडचे गेले बाहेर, त्यांच्यात सरपंचांचा सख्खा भाऊ. दुसऱ्या अंगाला सरकवली तर शाळेमागचे बाहेर, ती धनगरांची घरं, ते काठ्या घेऊन उठले. ज्याचं घर बाहेर पडंल तो वरडायचा आन् आतले म्हणायचे, एवढं काय त्यात. पुढच्या मिनिटाला आतला बाहेर आन् बाहेरचा आत. मला तर वाटलं, माझ्या सासऱ्याला आयुष्यभर समजावून जे जमलं न्हाई, ते खडूनं एका चहात केलं. सगळं गाव पाळीपाळीनं वेशीबाहेर राहून आलं.

शेवटी आबाराव म्हणाले, "शेवटचं घर जिथं सुटतं, त्याच्याही पुढं लावा. पार फाट्यावर. कुणी बाहेर नको." कुणीतरी कुरकुरलं, तिथून गावापर्यंत बैलाला भूक लागंल. ते म्हणाले, तोबरा बांधीन.

तशी वेस झाली. फाट्यावर, डांबरी रस्त्याला लागून, लोखंडाची, वर गावाचं जुनं नाव. कंडक्टर अजून पुनर्वसनच म्हणतो, पण त्याला काय, तो सिल्लोडचा आहे.

आता पोळ्याचं ऐक. आदल्या दिवशी आबाराव आमच्या अंगणात आले. भितीला वळसा घालून, समोरून. तुझ्या भावाला म्हणाले, दादाराव, तोरण तेवढं बांधायचं पाह्य. जुन्या काळी बांधायचे ना तुमच्याकडचे. तुझा भाऊ, जो जन्मात कुणाला न्हाई म्हणला न्हाई, तो खाटेवरून उठला आन् म्हणला, "आबा, ते काम माझ्या बापानं छप्पन साली सोडलं. मी कसं धरू?" मी आतून ऐकून राह्यले, माझ्या हातातलं पीठ हातातच. आबारावनं इकडं-तिकडं पाह्यलं. मंग म्हणाले, बरं, शिडी तरी हाय का? शिडी दिली. जुन्या घराची, ट्रॉलीत आणलेली.

दुसऱ्या दिवशी आबाराव स्वतः चढले. त्या वयात, धोतर सावरत, आंब्याच्या पानांची दोरी दातात धरून. खाली गयाबाई शिडी धरून, "उतरा, पडताल, मानापायी मान मोडताल" असं एकसारखं चालू. एका बाजूला तोरण वर, दुसऱ्या बाजूला इतकं खाली का बैलाच्या शिंगातच अडकलं. पोळा फुटायच्या आधीच बैल तोरण घेऊन गावाकडं चालता झाला. सगळे मागून पळाले. पण या वेळी तो काठाला गेला न्हाई. सरळ आमच्या ओळीत आला आन् गोठ्यात शिरला. आबाराव मागून हासत हासत आले, धापा टाकत. मान मिळाला का न्हाई कुणास ठाऊक, पण जेवले भरपूर.

संध्याकाळी गयाबाईनं पुरणपोळी आणली. भितीवरून न्हाई, दारातून. जुन्या गावात सणाचं वरून ओंजळीत पडायचं, आठवतं ना. हे ताट होतं, तिच्या हातातून माझ्या हातात. मी फक्त म्हणलं, तूप कमी घातलंस. काहीतरी म्हणावं लागतं ना.

पण सगळं गोड झालं असं समजू नको. वेशीच्या आत आलो तरी काही घरांच्या चुलीपर्यंत जायची चिठ्ठी अजून निघाली न्हाई. शेताचं म्हणशील तर इथल्या मुरमात कापूस गुडघ्याच्या वर जात न्हाई, आन् तुझा भाऊ अजून काळ्या मातीच्या गोष्टी सांगून त्याला लाजवत असतो. पोरं कारखान्यात जालन्याला जातात. मच्छर धरणाचे, वीज धरणाची न्हाई. आन् कधी कधी मलाही रडू येतं, खोटं कशाला सांगू. तुझ्या मायची माती तिकडं राह्यली. तिथं आता बदकं पोहतात. मी मनाची समजूत घालते, म्हातारीला कोंबड्या आवडायच्या, बदकंही आवडत असतील.

पण म्हायेर म्हणशील, तर ऐक. म्हायेर जर भिती असतं तर तुझ्या भावानं ते उपटून ट्रॉलीत घातलं असतं, वाकड्या खिळ्यांसंगं. म्हायेर म्हंजी भांडायला हक्काची वैनी. ती काही धरणात गेली न्हाई. गुडघे दुखतात तिचे, पण जीभ बिलकुल चांगली आहे.

तवा तू ये. जुन्या गावात तू म्हायेरला यायचीस तवा वेशीला वळसा घालून, नाल्यातून, लुगडं वर धरून यायचीस. तुझ्या लग्नाचं वऱ्हाडही तिकडूनच आल्तं, नवरदेवाचे बूट चिखलात रुतले होते. आता नाल्यात उतरू नको. फाट्यावर उतर आन् कमानीखालून ये, रस्त्याच्या मधून चालत ये. कुणी इचारलं कुठं चालल्या, तर वस्तीत चालले म्हणू नको. गावात चालले म्हण. सुट्ट्यांची वाट पाहू नको, येत्या ऐतवारीच ये.